तिकडे आपल्या माणसाचं वकीलपत्र कोण घेणार? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मासेमारी करताना पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्या पालघरच्या खलाशांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. नाव न देता तुम्ही ‘एका सैनिकाचा मुलगा’ एवढीच सही केली आहे. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमच्या रागातलं बरंचसं मला पटतं आणि जे पटत नाही ते घाईत लिहायचं नव्हतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमॉक्रसी या दोन्ही देशांतल्या नागरिकांच्या मंचाबद्दल मी आदराने लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारता, वाघा सीमेवर मेणबत्त्या लावून आजवर एक तरी गोळी थांबली का? २६/११ चे हल्लेखोर मासेमारीच्या बोटीतूनच आले, मग समुद्रात बोटी पकडल्या जातात याचं दुःख कशाला? मानवाधिकार हा ज्याच्या त्याच्या देशाचा प्रश्न, त्यात बाहेरच्यांना घेणं म्हणजे घरचं भांडण शेजाऱ्याच्या ओसरीवर नेणं. आणि शेवटी, ‘तिकडचे हे तुमचे मित्र स्वतःच्या सरकारविरुद्ध कधी तोंड उघडतात का?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळं त्यावरच उभं आहे.

डिसेंबर १९७१. पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी लष्कराने जे केलं त्याला लाहोरमध्ये बसून उघड विरोध करणारे फार थोडे होते. त्यांतले एक मलिक गुलाम जिलानी. त्यांना स्थानबद्ध केलं तेव्हा त्यांच्या मुलीने, वयाची विशीही गाठली नव्हती तिने, न्यायालयात अर्ज केला. १९७२ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच प्रकरणात निकाल दिला की लष्करशहा याह्याखानने बळकावलेली सत्ता बेकायदा होती. ती मुलगी म्हणजे अस्मा जहांगीर. पुढे झिया-उल-हकच्या काळात बायकांच्या साक्षीची किंमत अर्ध्यावर आणणाऱ्या कायद्याविरुद्ध लाहोरच्या बायका १२ फेब्रुवारी १९८३ ला रस्त्यावर उतरल्या आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. अस्मा त्या चळवळीच्या पुढे होत्या. त्या वर्षी त्यांनी तुरुंग पाहिला, आणि २००७ मध्ये मुशर्रफने आणीबाणी लादली तेव्हा नजरकैद. पाकिस्तानचा मानवाधिकार आयोग उभा करणाऱ्यांत त्या होत्या. हा आयोग सरकारी नाही, नागरिकांचा आहे. सिंधमधल्या हिंदू मुलींच्या सक्तीच्या धर्मांतराबद्दल हाच आयोग वर्षानुवर्षं लिहीत आला आहे. त्याच्या मुलतान शाखेचे वकील राशिद रहमान यांनी धर्मनिंदेचा आरोप असलेल्या एका तरुण प्राध्यापकाचं वकीलपत्र घेतलं. भर न्यायालयात त्यांना धमकी मिळाली, तरी त्यांनी खटला सोडला नाही. ७ मे २०१४ ला त्यांच्याच कार्यालयात त्यांना गोळ्या घातल्या.

तुम्ही ‘तोंड उघडतात का’ असं विचारलंत. ही माणसं त्याची किंमत मोजत आली आहेत. आपल्याकडे त्यांच्याबद्दल फार लिहिलं जात नाही, आणि माझ्या लेखातही हे यायला हवं होतं. ती उणीव माझी.

आता मेणबत्त्या. १४ ऑगस्टच्या रात्री ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर आणि त्यांचे सोबती सीमेवर मेणबत्त्या लावत. त्याने गोळी थांबली नाही, थांबणारही नव्हती. पण हे काम तेवढंच आहे असा समज पसरला याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण खरं काम छायाचित्रात येत नाही. ते कोर्टाच्या कागदांत असतं.

हमीद अन्सारीचं प्रकरण घ्या. मुंबईचा इंजिनिअर. ऑनलाइन ओळख झालेल्या मुलीसाठी तो नोव्हेंबर २०१२ मध्ये अफगाणिस्तानमार्गे पाकिस्तानात कोहाटला पोचला आणि गायब झाला. तो कायदा मोडून गेला होता, त्याच्याकडे बनावट ओळखपत्र होतं. हे मी लपवत नाही. पण तो जिवंत आहे की नाही, हेसुद्धा त्याच्या आईला कोणी सांगत नव्हतं. लाहोरची एक तरुण पत्रकार, झीनत शहजादी, हिने मुंबईतल्या त्या आईशी संपर्क साधला आणि तिच्या वतीने तिकडे अर्ज केले. ऑगस्ट २०१५ मध्ये कामावर जाताना रिक्षातून तिलाच पळवून नेलं. दोन वर्षांहून अधिक काळ ती बेपत्ता होती. ती नसतानाच तिच्या भावाने आत्महत्या केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती अफगाण सीमेजवळ सापडली.

मधल्या काळात, जानेवारी २०१६ मध्ये, हमीद लष्कराच्या ताब्यात आहे हे पाकिस्तान सरकारला पेशावर उच्च न्यायालयात कबूल करावं लागलं. लष्करी न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली होती. त्याचा खटला पेशावरच्याच काझी मुहम्मद अन्वर आणि रखशंदा नाझ या वकिलांनी लढवला. इकडून मुंबईचे पत्रकार जतीन देसाई वर्षानुवर्षं पाठपुरावा करत होते. आपलं परराष्ट्र मंत्रालयही सतत पत्रं पाठवत होतं, त्याचं श्रेय मी कमी करत नाही. शिक्षा संपत आली तरी सुटकेची हालचाल नव्हती, तेव्हा वकील पुन्हा कोर्टात गेले. कोर्टाने सरकारला एका महिन्याची मुदत दिली, आणि काही दिवसांत, १८ डिसेंबर २०१८ ला, हमीद वाघ्याहून चालत इकडे आला.

आता मला सांगा, त्या लाहोरच्या मुलीचं यात काय होतं? हमीद तिचा कोणी लागत नव्हता. माणसाला गुपचूप उचलून नेण्याचा अधिकार आपल्या सरकारला नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते म्हणणं तिच्या देशातल्या लोकशाहीबद्दलचं होतं, हमीद त्यात निमित्त ठरला. भारत सरकार कितीही बलवान असलं तरी पेशावरच्या कोर्टात स्वतः उभं राहून ‘हेबियस कॉर्पस’, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, असं मागू शकत नाही. तिथे तिथलाच वकील उभा राहावा लागतो. या सहकार्याचा माझ्या लेखी अर्थ हा आहे. प्रत्येकाने आपापल्या सरकारला जाब विचारायचा, आणि पलीकडच्याचा माणूस आपल्या हद्दीत अडकला तर त्याचं वकीलपत्र घ्यायचं.

इकडूनही असं झालेलं आहे. खलील चिश्ती हे पाकिस्तानी विषाणूशास्त्रज्ञ अजमेरच्या तुरुंगात होते, वय ८० च्या वर. त्यांच्यासाठी भारतातल्या लोकांनी आवाज उठवला. एप्रिल २०१२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, कराचीला जाऊन यायची परवानगी दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुनाच्या आरोपातून मुक्त केलं. त्याआधी मार्च २०११ मध्ये, २७ वर्षं पाकिस्तानच्या तुरुंगात असलेल्या गोपाल दास यांच्यासाठी याच न्यायालयाने पाकिस्तानला विनंती केली होती. आदेश देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून विनंती. पुढच्याच महिन्यात ते सुटले.

खलाशांकडे येतो, मूळ लेख त्यांच्यावरच होता.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून पावसाळा संपता संपता पोरं गुजरातला जातात, वेरावळ, पोरबंदर, ओखा, मांगरोळ. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ओळखीच्या पाड्यांतून खलाशी जमवतो, हातात उचल ठेवतो. ती उचल आधीच्या कर्जात किंवा घराच्या छपरात गेलेली असते. बोट कुठे न्यायची हे खलाशी ठरवत नाही. सर क्रीक या कच्छ आणि सिंधमधल्या खाडीच्या तोंडापुढे समुद्रात दोन्ही देशांनी मान्य केलेली सीमारेषाच नाही. १९१४ च्या कराराचा नकाशा वाचताना पाकिस्तान खाडीचा पूर्व किनारा धरतो आणि आपण खाडीचा मध्य. वाद दोन सरकारांचा, पाण्यावर काहीही आखलेलं नाही, आणि पकडला जातो तो जाळं ओढणारा. कराचीच्या मालीर तुरुंगात त्याची शिक्षा बहुधा काही महिन्यांची असते. सुटायला मात्र वर्षं लागतात.

दोन्ही देशांनी सही केलेला समुद्री कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार असं सांगतो की विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे ज्या समुद्रात मासेमारीचा हक्क किनाऱ्याच्या देशाचा असतो तिथल्या, मासेमारीच्या गुन्ह्याला, वेगळा करार नसेल तर, तुरुंगवास देता येत नाही. २१ मे २००८ च्या भारत-पाकिस्तान करारात असं ठरलं आहे की तीन महिन्यांत कैद्याला त्याच्या देशाच्या वकिलातीची भेट, आणि नागरिकत्व पटलं व शिक्षा संपली की महिन्याभरात सुटका. कैद्यांची अवस्था पाहायला दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती होती, तिची शेवटची बैठक ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली. कागद सगळे आहेत. त्यांची आठवण सरकारांना करून देणारं कोणीतरी लागतं. २०१० मध्ये पायलर ही कराचीतली कामगारांसाठी काम करणारी संस्था आणि पाकिस्तान फिशरफोक फोरम भारतीय मच्छीमारांसाठी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चारशेहून अधिक मच्छीमार घरी आले. मे आणि जून २०२३ मध्ये आधी १९८, मग २०० सुटले.

ही सुटका कशी होते तेही ऐका. ओख्याहून कराची समुद्राने साडेतीनशे किलोमीटरच्या आत. पण परतीची वाट वाघ्याचीच. म्हणजे मालीरहून लाहोरपर्यंत हजार-बाराशे किलोमीटर, आणि तिथून पुन्हा सगळा उत्तर भारत ओलांडून गुजरात. कराची ते लाहोर प्रवासाची सोय बहुतेक वेळा ईधी फाउंडेशन ही तिथली धर्मादाय संस्था करते, निघताना हातात थोडे पैसे आणि भेटवस्तूही देते. आपली पोरं घरी आल्यावर हे सांगतात. मी ज्यांच्याशी बोललो त्यांनी तुरुंगातल्या हालांबरोबर हेही सांगितलं, त्यामुळे दोन्ही लिहिणं माझं काम आहे.

२६/११ बद्दल तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो हलका नाही. हल्लेखोरांनी बळकावलेली ‘कुबेर’ पोरबंदरची बोट होती. पण त्या बोटीवरच्या चार खलाशांना हल्लेखोरांनी मारलं, आणि वाट दाखवायला तांडेलला जिवंत ठेवून मुंबई जवळ आल्यावर त्याचाही जीव घेतला. त्या हल्ल्याचे पहिले बळी मच्छीमारच होते. समुद्रावर गस्त हवी, बोटींची तपासणी हवी, बोट कुठे आहे ते कळवणारे ट्रान्सपाँडर हवेत. यातलं काहीही काढा असं मी म्हटलेलं नाही. तपासून तो मच्छीमारच आहे हे नक्की झाल्यावर त्याला वर्षानुवर्षं का ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे. आणि तो आपल्यालाही लागू आहे, कारण सिंधच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या तुरुंगांत आहेत.

‘घरचं भांडण शेजाऱ्याच्या ओसरीवर’ या तुमच्या वाक्यावर मी बराच विचार केला. तुम्ही सैनिकाचे चिरंजीव, म्हणून ॲडमिरल रामदास यांची आठवण काढतो. १९७१ च्या युद्धात आयएनएस बियासचे कप्तान, वीरचक्र, १९९० ते ९३ नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळ भायमळ्याला शेती करत राहिले आणि याच मंचाच्या भारतीय बाजूचं नेतृत्व केलं. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानच्या मानवाधिकार आयोगाचे आय. ए. रहमान यांना मिळून मिळाला. ज्याने पाकिस्तानी नौदलाशी प्रत्यक्ष लढाई केली त्याला हे काम देशाविरुद्ध वाटलं नाही. नागपूरच्या निर्मलाताई देशपांडे कारगिलच्या युद्धाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, मार्च २००० मध्ये, बायकांची बस घेऊन लाहोरला गेल्या. तेव्हाही त्यांच्यावर टीका झाली. टीका करणाऱ्यांच्या घरात तेव्हा ताजं दुःख होतं, हेही मी विसरत नाही.

हे काम तुम्हाला परकं वाटतं, ही तुमची एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. १९९४ मध्ये लाहोरच्या बैठकीतून हा मंच सुरू झाला, तेव्हापासून त्याच्या अधिवेशनांत मोठ्या शहरांतली, इंग्रजी-उर्दूत बोलणारी माणसंच जास्त दिसली. ज्यांच्यासाठी हे चाललंय तो तलासरीचा वारली खलाशी व्यासपीठावर फार क्वचित आला. त्यामुळेच तुमच्यासारख्या माणसाला हे परकं वाटतं. यात बदल व्हायला हवा आणि त्याला उशीर झाला आहे.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं, त्यांत आपल्या राज्याचे सहा. त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे : वाघ्यासमोरचं आपलं अटारी नाकं बंद, व्हिसा रद्द, लष्करी संघर्ष. मी खलाशांबद्दल आत्ताच का लिहितोय, हा तुमचा रोख मला कळतो. तर १ जुलै २०२५ ला, संघर्षाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, दोन्ही सरकारांनी त्या २००८ च्या करारानुसार कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या. पाकिस्तानकडे आपले १९३ मच्छीमार, आपल्याकडे त्यांचे ८१. बोलणी सगळी थांबलेली असताना एवढा एक कागद दोन्ही बाजूंनी पाळला. हा कागद टिकावा म्हणून मंचाची माणसं दर सहा महिन्यांनी पत्रं लिहितात, निवेदनं देतात, वर्तमानपत्रांना आकडे पुरवतात.

अशा याद्या दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला येतात. जाहीर फक्त आकडे होतात. आतमध्ये आपला कोण आहे ते पाड्यावर कळतं मालीरहून कोणाचं पत्र आलं तर, आणि त्या पत्रात लिहिणारा आपल्या बराकीतल्या बाकीच्यांची नावं आणि गावंही लिहितो, म्हणजे त्यांच्या घरी कोणीतरी जाऊन सांगेल. तुम्ही या बाजूला कधी आलात तर मला कळवा. ज्यांच्याकडे अशी पत्रं आहेत त्या घरी आपण दोघे जाऊ. तुमचे प्रश्न तिथे विचारायला माझी काहीच हरकत नाही.