अडीच तासांचा नफा

लंडनला मुलीकडे जाताना आम्ही मुंबईहून थेट विमानाने गेलो असतो, तर त्याच दिवशी तिच्या सोफ्यावर पाय पसरून बसलो असतो. परंतु वाटेत दोह्याला दहा तास थांबायला लावणारे तिकीट माणशी नऊ हजारांनी स्वस्त असल्याचे मला दिसले आणि तिथेच आमचे ग्रह फिरले. अठरा हजार वाचवायचे आणि वर एक देश फुकटात पाहायचा, हा व्यवहार मला इतका देखणा वाटला की सौ.ला तो सांगताना ‘थांबा’ हा शब्द मी तोंडातून निघूच दिला नाही. ‘कतार दौरा’ असे म्हणालो. त्यात कतारचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, म्हणजे तेवढे तास निव्वळ नफ्यात, हेही तिला पटवून दिले. माझे स्वतःचे किल्लीचे मनगटी घड्याळ मात्र मी मागे केले नाही, कारण एका दिवसात दोन-दोनदा काटे फिरवून त्या जुन्या यंत्राला छळायचे कशाला? चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला अडीचची वजाबाकी जमते. रोमिंगच्या बिलाच्या धास्तीने दोघांचेही फोन मुंबईतच बंद करून पिशवीच्या तळाशी, दशम्यांच्या डब्याखाली ठेवले होते.

सकाळी नऊला विमान उतरले. शहरात शिरण्याचे सोपस्कार उरकून आम्ही मेट्रो गाठली. ही गाडी चालकाशिवाय धावते, याचे सौ.ला कौतुक आणि मला भय वाटले. पण एका फेरीचे दोनच रियाल पडतात आणि दिवसभरात सहा रियालांच्या वर पैसे कापले जात नाहीत हे कळल्यावर भय ओसरले. चौथ्या फेरीपासून प्रवास फुकट होतो, हे एकदा मनात बसल्यावर कारण नसताना चार स्थानके उगाच फिरून यावे, असा मोह मला होऊ लागला. तो सौ.ने मोडून काढला. तिला मोती पाहायचे होते. तिच्या आजीच्या नथीतले बसरा मोती याच आखाताच्या तळाचे. इथले पाणबुडे नाकाला चिमटा लावून ते वर आणीत आणि मुंबईच्या बाजारात त्यांचा सौदा होई; पुढे १९३०च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांनी हा सगळा धंदाच बसवला.

मशेरेबला गाडी बदलून आम्ही सूक वाकिफ या जुन्या बाजारापाशी उतरलो, तेव्हा जून संपत आला होता आणि दुपार चढत होती. या देशात १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. सरकार ज्या वेळी मजुरालाही उन्हात उभे करीत नाही, नेमक्या त्याच वेळी आम्ही स्वखुशीने पर्यटनास निघालो होतो. वाकिफ म्हणजे उभा. पूर्वी भरतीचे पाणी इथवर येई म्हणून व्यापारी उभ्यानेच माल विकत, अशी या नावाची कथा सांगतात. आम्हीही उभेच राहिलो, कारण एकामागून एक दुकानाची दारे आमच्या डोळ्यांदेखत बंद होत होती आणि ती चारच्या पुढेच उघडणार होती. मोत्यांचे दुकान बंद, अत्तराचे बंद. ससाण्यांचे इस्पितळ तेवढे दिसले. आखाती देशांत शिकारी ससाण्यांना स्वतःची पारपत्रे असतात आणि त्यांचे मालक त्यांना विमानात शेजारी बसवून नेतात. अर्थात त्या पक्ष्यांचा प्रवास थेट होत असणार.

एका केरळी गृहस्थांचे चहाचे दुकान उघडे सापडले. त्यांचा कडक चहा, ज्याला तिथे ‘करक’ म्हणतात, सौ.ने दोन कप घेतला आणि मी माझी बँकेतली विद्वत्ता बाहेर काढली. १९६६ पर्यंत इथे आपलाच रुपया चालत असे आणि १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापत असे, हे मी त्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अच्छा है साब, पर अभी रियाल दे दो. इस टाइम तो सिर्फ ट्रांझिटवाले घूमते हैं.”

इस्लामी कला संग्रहालय तिथून ‘जवळच’ आहे, असे नकाशाचे म्हणणे होते. नकाशाला घाम येत नाही. समुद्राकाठच्या त्या रस्त्यावर वारा होता, पण तो भट्टीचे दार उघडल्यावर येतो तसा, सौ.ने पदर डोक्यावर घेतला आणि संग्रहालयाच्या दारापर्यंत ती माझ्याशी एक अक्षरही बोलली नाही. आतला गारवा लागल्यावर मात्र तिचा चेहरा खुलला. आय. एम. पेई या वास्तुविशारदांनी वयाच्या नव्वदीत उभारलेली आणि २००८ साली उघडलेली ती इमारत खरोखर डोळे निववणारी आहे. तिथल्या एका काचेमागे शाहजहानचे नाव कोरलेले जेड दगडाचे पदक होते. अशा पदकाला ‘हौलदिली’ म्हणत. काळजाची धडधड शमावी म्हणून ते गळ्यात घालीत. आपण मराठीत हवालदिल होतो तो याच शब्दाच्या गोतावळ्यातला, असे मी सौ.ला सांगत होतो आणि ती बऱ्याच वर्षांनी माझे काही मनापासून ऐकत होती. तेवढ्यात माझी नजर मनगटावर गेली. पावणेपाच! सात वाजून दहा मिनिटांचे विमान, आणि पाचला विमानतळावर हजर असायचे ठरलेले.

पुढची पाच मिनिटे मी शब्दशः हवालदिल होतो. सौ.ला चक्क ओढत बाहेर काढले, चौथ्या फुकट फेरीचे स्वप्न सोडून टॅक्सी केली, मीटरकडे पाहायचे नाही म्हणून डोळे मिटून घेतले, आणि तपासणीच्या रांगेत “आमचे विमान चालले आहे” असे दोन कुटुंबांना सांगून पुढे घुसलो.

विमानतळाच्या मधोमध उर्स फिशर या कलावंताचे सात मीटर उंचीचे पिवळे अस्वल बसलेले आहे. दिसते मऊ कापडी खेळण्यासारखे, आहे ब्राँझचे, आणि त्याच्या डोक्यात मागून एक भलामोठा दिवा घुसलेला आहे. धापा टाकत त्याच्यापाशी पोहोचून मी फलक पाहिला. आमच्या विमानाला अद्याप दारही नेमून दिले नव्हते. फलकावरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. माझ्या घड्याळात पाच चाळीस.

“अहो,” सौ. दशम्यांचा डबा उघडत अगदी थंडपणे म्हणाली, “तो तुमचा अडीच तासांचा नफा जमा झाला वाटतं.”

मग तिने माझ्या मनगटावरचे घड्याळ काढून घेतले, काटे मागे फिरवले आणि ते आपल्या पर्समध्ये टाकले. उन्हाळ्यात लंडन दोह्याच्याही दोन तास मागे असते, हे तिला सांगण्याची ती वेळ नव्हती.