पेटीवर देवगड, आत कर्नाटक

ग्राहक आयोगाकडे इंग्रजीत तक्रार लिहायला बसलं की पहिल्याच वाक्याला गाडी अडते. आंबेवाल्याने फसवलं, एवढंच तर म्हणायचं असतं. पण इंग्रजी विचारणार, फसवलं म्हणजे नक्की कसं? आणि एकाच तोंडवळ्याची दहा विशेषणं पुढ्यात टाकणार. अनुवादावर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांचे केस याच पंगतीत पांढरे होतात.

पाच डझनांची पेटी घ्या. वर छापलंय ‘देवगड हापूस’, आत कर्नाटकचा माल. तो छापील मजकूर ‘फॉल्स’. खरा नाही, बस्स. कुणाच्या पोटात काय होतं याच्याशी या शब्दाला देणंघेणं नाही. आंब्याला मात्र ‘फेक’ म्हणू नका, तो बिचारा अस्सल आंबाच आहे. गाव तेवढं दुसऱ्याचं चिकटवलंय. 2018 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं स्टिकर हुबेहूब छापून आणलं असेल, तर ते ‘काउंटरफिट’. बँकेत नकली नोटेवर शिक्का बसतो तोच हा शब्द. दाखल्यावर बागायतदाराची सही दुसऱ्यानेच ठोकली असेल, तर ती ‘फोर्ज्ड’.

वरच्या थरात टपोरी केशरी फळं, खाली पेंढ्यात लिंबाएवढी. ही मांडणी ‘डिसेप्टिव्ह’, मांडणारा ‘डिसीटफुल’. खरी गोम इथेच आहे. डिसेप्टिव्ह व्हायला हेतू लागत नाही, दिसणं फसवं असलं की झालं. पावसाळ्यात पाण्याने काठोकाठ भरलेला खड्डा डिसेप्टिव्ह. तो बुजवल्याचं बिल लावणारा डिसीटफुल. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात ‘डिसेप्टिव्हली सिमिलर’ म्हटलंय ते उगाच नाही: नाव इतकं मिळतंजुळतं हवं की गिऱ्हाईक गोंधळण्याचा संभव आहे. तिथे ‘डिसीटफुली’ लिहिलंत, तर समोरच्याच्या मनातलं पाप सिद्ध करायचं काम फुकट अंगावर घेतलंत. (आजी नातवाला ‘लबाड कुठला!’ म्हणते, तिथे तर डिसीटफुल मुळीच नको. पोराला समुपदेशकाकडे न्यावं लागेल.)

‘थेट कोकणातून’ ही पाटी ‘मिसलीडिंग’. शब्द न् शब्द खरा. पेटी कोकणातूनच आली, आंबा तिथे आदल्या दिवशी घाट उतरून आला होता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘मिसलीडिंग’ जाहिरातीच्या व्याख्येत धडधडीत खोटं वर्णनही बसवलंय आणि दंड 10 लाखांपर्यंत ठेवलाय. तेव्हा जाहिरातीबद्दल तक्रार असेल तर डोळे मिटून हाच शब्द घाला.

‘मेन्डेशस’ दिसायला भारदस्त, म्हणून वकिलांचा लाडका. खरं ठाऊक असून थापा मारायची खोड असलेला, असा अर्थ. पण घाईत ‘मेन्डिकंट’ लिहिलं गेलं, तर आंबेवाला भिक्षेकरी ठरतो.

सगळ्यात छळतो तो ‘डिसइनजेन्युअस’. जाब विचारल्यावर येणारं उत्तर, ‘मला काय ठाऊक साहेब, पेटी बंदच येते’, ते हे. शब्दकोश ‘अप्रामाणिक’ लिहून हात झटकतात. वेड पांघरून पेडगावला जाणं हा याचा नेमका अर्थ, पण ते विशेषण नव्हे, प्रवास आहे. वाक्यात बसवायचं तर ‘साळसूद’ जवळचा.

आणि काहीच सुचेना, तर ‘बोगस’. 1820 च्या दशकात अमेरिकेत खोटी नाणी पाडायच्या यंत्राचं हे नाव. आता बोगस बियाणं, बोगस मतदार, बोगस डॉक्टर असा आपल्या घरचाच झालाय. तक्रारअर्जात तो पोरकट दिसतो. आंबेवाल्याला तोंडावर ऐकवायला मात्र हाच. शब्दकोश लागत नाही.