तेच संशयकल्लोळ परत कशाला?

'संशयकल्लोळ' या जुन्या संगीत नाटकाबद्दल दिल्याचा सवाल सरळ होता. "तसबीर कुणाकडनं कुणाकडं जाती ते ठाऊक, शेवटी अश्विनशेठ आणि रेवतीचं जमतंय ते ठाऊक, पदं तोंडपाठ. मग भावे नाट्यमंदिरात तीन तास बसून परत परत बघतोस तरी काय?"

सांगलीतल्या विश्रामबागच्या कट्ट्यावर भडंगाचा पुडा फिरत होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

म्हटलं, "पहिल्या खेपेला डोळे नुसते तसबिरीमागं पळतात. कोण कुणावर संशय घेतंय याचा हिशेब लावण्यातच प्रयोग संपतो. परत गेलं की माणसं दिसायला लागतात. रेवतीला रस्त्यात घेरी येते, कृत्तिकेचा संशयी नवरा फाल्गुनराव तिला सावरतो. सगळं नाट्यगृह त्याच्याकडं बघून हसत असतं. गेल्या वेळी मी कृत्तिकेवर नजर ठेवली होती. त्या नटीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं, गच्च आवळलं. पुढं तसबीर हाती लागली तसा तो पदर आपसूक सुटला. नवऱ्यावरचा राग क्षणभर विसरून बाई चित्रातल्या देखण्या माणसाकडं बघत राहिली. तोंडातनं शब्द नाही! हे मला पहिल्या खेपेला कुठं दिसलं होतं?"

"आणि गाणी? ती मोबाईलवर आहेतच की," दिल्या म्हणाला.

यावर मास्तर बोलले. ते मिरजेचे, तबल्यात हात मुरलेला. "रेकॉर्डवरचं 'मृगनयना' कधीही लाव, तेवढंच वाजणार. रंगमंचावर ते किती चालायचं हे त्या रात्री ठरतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पुढनं 'वा' आली की गायक आणखी एक फिरत घेतो. लोक गार असले की पद आवरून सरळ गद्यावर येतो. ऑर्गनवाला आणि तबलजी त्याच्या तोंडाकडं बघत बसलेले असतात, कारण पुढं काय होणार हे त्यांनाही माहीत नसतं."

बालगंधर्वांच्या काळी वन्स मोअर घेत घेत नाटक रात्रभर चालायचं. आता तीन तासांत बसवायचं म्हणून पदं गाळतात. कुठल्या संचानं कुठलं पद ठेवलं आणि कुठलं टाकलं, हे बघायलाही मी जातो. आवडतं पद गाळलं की मला मनापासून वाईट वाटतं.

खरा वाद बापूनं घातला. "तुमच्यासारख्यांमुळंच नव्या संगीत नाटकाला कुणी फिरकत न्हाई. १८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, ते त्या वेळी नवंच होतं की! तेव्हाच्या लोकांनी जुनंच धरून ठेवलं असतं तर?"

मुद्दा वजनदार होता. पण बापू, हे नाटकच बघ. बीज फ्रान्सच्या मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनाचं, तिथनं इंग्रजीत आलं. आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ते गद्यात मराठीत आणलं, 'फाल्गुनराव' म्हणून. पुरुषांना महिन्यांची नावं दिली, बायकांना नक्षत्रांची, आणि परकं नाटक घरचं करून टाकलं. पुढं त्यांनी त्याच नाटकात पदं घातली आणि १९१६ मध्ये गंधर्व मंडळीनं ते 'संशयकल्लोळ' म्हणून उभं केलं. देवल गेले तेही त्याच वर्षी. लिहिणाऱ्यालाच एकदा करून समाधान झालं नाही, मग मी एकदा बघून कसा थांबू?

बापूला हे अर्धंच पटलं. "देवलांनी नवं काही घातलं. तुम्ही नुसते खुर्चीत बसता."

"नुसतं बसून वन्स मोअर येत नाही," मास्तर म्हणाले.

मग सौदा ठरला. सांगलीत नवं संगीत नाटक लागलं की आम्ही सगळे तिकीट काढून जायचं, आणि 'संशयकल्लोळ'ला बापूनं आमच्याबरोबर यायचं. बापू हो म्हणालाय. त्याला ऑर्गनच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत बसवायचं आम्ही ठरवलंय. दिल्यानं अजून काही कबूल केलेलं नाही.