हिमबिबट्या बघायला जाताना किती पायजमे घालावेत?

सह्याद्रीतले चार गड पायाखाली घातले की आपल्याला वाटू लागतं, डोंगर आपल्याला कळतो. हा गैरसमज काढायला हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातलं किब्बर गाव फार सोयीचं आहे. उंची सुमारे ४,२७० मीटर. अडीच कळसूबाया एकीवर एक रचल्या तरी वर थोडं उरतंच.

इथल्या अभयारण्यात हिमबिबट्या राहतो. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे निघाले, त्यांतले हिमाचलात ५१. म्हणजे एका एसटीत मावतील, फार तर चार-पाच जण उभे राहतील. त्यांना बघायला जायचं ते जानेवारी ते मार्च, म्हणजे शहाण्या माणसाने गोधडीत असावं तेव्हा. बर्फ पडला की भरल आणि आयबेक्स (इथल्या रानमेंढ्या आणि रानबोकड) चाऱ्यासाठी खाली उतरतात, त्यांच्या मागे बिबट्या उतरतो आणि त्याच्या मागे आपण चढतो.

मनालीहून येणारी कुंझुम खिंडीची वाट तेव्हा बंद असते. शिमल्याहून किन्नौरमार्गेच यावं लागतं, आणि हा लांबचा रस्ता म्हणजे उपकार समजावेत. कल्पा, ताबो, काझा असे मुक्काम करत गेलं की शरीर हळूहळू विरळ हवेची सवय करून घेतं. पण आपल्याला रजा वाचवायची असते. मग एक मुक्काम गाळतो आणि वाचवलेला दिवस किब्बरला डोकं धरून पडण्यात जातो. हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के. पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि चहा 'कडक' म्हणावा असा होत नाही. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या सुरू झाल्या, तोल जाऊ लागला, तर बिबट्या गेला खड्ड्यात, त्याच रात्री खाली उतरायचं. इथे मी विनोद करत नाही.

विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर बहुधा डायमॉक्सची गोळी देतात (सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा). गोळी चांगली आहे. बोटांना मुंग्या येतात, ते चालतं. पण ती लघवीला फार लावते, आणि या लेखातली खरी शोकांतिका इथून सुरू होते.

कारण आपण कपडे घातलेले असतात. अंगालगत थर्मल, त्यावर लोकर, त्यावर पिसांचं जाकीट, त्यावर वारा अडवणारं. खाली तीन पायजमे. मोज्यांचे दोन जोड बुटात कोंबू नयेत. बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात. एक जाड जोड आणि बोटं हलतील एवढी जागा, बस्स. हे सगळं उणे पंचवीसमध्ये मध्यरात्री उतरवायचं आणि तेही शौचालयात. नळ गोठतात म्हणून शौचालय कोरडं. जमिनीला एक भोक, कडेला मातीचा ढीग आणि फावडं. कार्य उरकलं की फावडाभर माती लोटायची, पाणी ओतायचं नाही. खाली साठतं त्याचं वसंतात शेतासाठी खत होतं. व्यवस्था अत्यंत शहाणी आहे. फक्त त्या भोकातून वर येणारा वारा शहाणा नाही.

पाण्याची बाटली उलटी ठेवावी. बर्फ वरून धरायला लागतो, म्हणून झाकणाकडची बाजू खाली असली की तोंड मोकळं राहतं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, रात्री पांघरुणात. बाहेरून शेगडीच्या खोलीत येण्याआधी कॅमेरा दारातच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा, नाहीतर भिंगाला आतून घाम फुटतो. डिंकाचे लाडू घरूनच आणावेत, पण चावण्याआधी तासभर काखेत ठेवावेत.

आता बिबट्या. सकाळी उजाडल्यापासून घळईच्या काठावर दुर्बीण लावून उभं राहायचं. समोर दोन-तीन हजार दगड, सगळे राखाडी, ठिपकेदार आणि झोपलेले. वाटाड्या म्हणतो, "त्या त्रिकोणी दगडाच्या डावीकडे." सगळेच दगड त्रिकोणी असतात! म्हणून दगड शोधूच नयेत, भरल बघावेत. कळप चरायचा थांबून एकाच दिशेला टक लावून उभा राहिला किंवा शिट्टीसारखा आवाज आला, तर तिकडे बघा. कावळे आणि गिधाडं एका जागी घिरट्या घालत असतील तर शिकार झालेली असते, आणि तो तिच्याजवळ दोन-तीन दिवस तरी सहज मुक्काम ठोकतो. दुर्बिणीत बघताना श्वास बाजूला सोडा, भिंगावर सोडलात तर जागीच गोठतो. तो दिसला म्हणून घळईत उतरायचा मोह आवरा. गावाने त्याच्या भरलांसाठी काही कुरणांत आपली गुरं चारणं थांबवलं आहे, तुम्हाला निदान जागेवर उभं राहता यावं.

दिसला, तर बहुधा झोपलेला दिसतो. जवळपास अंगाएवढी लांब शेपटी नाकावर पांघरून. तास जातो, दोन जातात. शेपटीचं टोक एकदा हलतं आणि काठावरची सगळी मंडळी हरखून जातात. तिसऱ्या तासाला सकाळची गोळी आपलं काम करते. अजून अर्धा तास तरी उठत नाही, असा हिशेब करून आपण टेकाडामागे जातो. पहिला पायजमा, दुसरा पायजमा, तिसऱ्याची नाडी गाठीत अडकलेली. आणि तेवढ्यात टेकाडापलीकडून दबक्या आवाजात ऐकू येतं, "उठला!"