निबंध न वाचता कसा तपासावा

गेल्या आठवड्यात माझ्यासमोर ४० वह्यांचा गठ्ठा आला. निबंध आधीच तपासून झाले होते. गुणांच्या बेरजा बरोबर आहेत एवढे पाहून मला सही करायची होती. विषय होता 'बंद पडलेल्या घड्याळाचे आत्मवृत्त'. बेरजा चोख होत्या. ४० पैकी २७ घड्याळांनी 'दचकलात ना? होय, मीच बोलतेय!' असे म्हणून तोंड उघडले होते आणि त्या सगळ्यांना १० पैकी ७ किंवा ८ गुण होते. एका मुलीला मात्र ४ होते आणि खाली लाल शाईत शेरा होता : 'मुद्दे आले नाहीत.' तिच्या घड्याळाला आपण बंद पडलो आहोत हे मुळी ठाऊकच नव्हते. 'लोक माझ्याकडे बघतात आणि मग स्वतःच्या मनगटाकडे बघतात,' असे ते सांगत होते, 'बिचाऱ्यांची घड्याळे फार पुढे जातात.'

हे वाचल्यापासून माझी खात्री झाली आहे की निबंध तपासण्याची आपली परंपरागत विद्या कोणीतरी लिहून ठेवली पाहिजे. नव्याने या व्यवसायात येणाऱ्यांची त्यावाचून आबाळ होते. काही जण तर गोंधळून निबंध वाचू लागतात.

आरंभ विषयापासून करावा. ज्यावर वर्गातील एकाही मुलाला मनापासून काही म्हणायचे नाही, तो विषय उत्तम. मुलाला खरोखर काही वाटू लागले की ते मुद्द्यांचा क्रम विसरते, आणि क्रम चुकला की तपासणाऱ्याला थांबून वाचावे लागते. म्हणून फळ्यावर मुद्दे लिहून द्यावेत, सुरुवातीचे वाक्य द्यावे, शेवटचे वाक्य द्यावे, मध्ये पेरण्यासाठी दोन म्हणी आणि एक सुविचार द्यावा, आणि मग 'आता स्वतःच्या शब्दांत लिहा' असे सांगावे. फ्रान्समध्ये माँतेन या लेखकाने १५८० साली आपल्या लेखनाला 'एसे' हे जे नाव दिले त्याचा अर्थ होता 'प्रयत्न', म्हणजे चाचपडणे, करून पाहणे. आपण सुदैवाने 'निबंध' हा शब्द निवडला आहे आणि त्यातला 'बंध' आपण मनापासून पाळतो.

कच्चा खर्डा लिहायला वेळ देऊ नये.

मुलांसमोर स्वतः एकही परिच्छेद लिहून दाखवू नये. आपल्यालाही खाडाखोड करावी लागते हे त्यांना कळता कामा नये.

आता प्रत्यक्ष तपासणी. सगळा गठ्ठा एका बैठकीत, शक्यतो रात्री उशिरा घ्यावा. दोन तासांत ४० निबंध म्हणजे एकाला ३ मिनिटे मिळतात, आणि त्यातले अर्धे मिनिट पान उलटण्यात जाते. अक्षर पाहावे, लांबी पाहावी, परिच्छेद किती पाडले आहेत ते मोजावे. उत्तम निबंधानंतर आलेला बरा निबंध आपल्याला टाकाऊ वाटतो आणि टाकाऊ निबंधांच्या रांगेनंतर तोच निबंध उजळून निघतो. पण म्हणून गठ्ठ्याचा क्रम बदलून पुन्हा पाहण्याचा वेडेपणा करू नये. गुण एकदा शाईने लिहिले की त्यांना आपोआप वस्तुनिष्ठता येते.

काही चिकित्सक लोक या वस्तुनिष्ठतेवर शंका घेतात. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा १०० पैकी एकीला ६४ पासून ९८ पर्यंत आणि दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत गुण मिळाले. पुढे १९६१ मध्ये डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ वाचकांना देऊन त्यांना नऊ श्रेणींत बसवायला सांगितले. १०१ निबंध असे निघाले की त्यांना कोणी ना कोणी नऊच्या नऊ श्रेणी देऊन टाकल्या होत्या. हे आकडे पालकसभेत सांगू नयेत. ६ गुणांचा निबंध आणि साडेसहा गुणांचा निबंध यांतला फरक आपल्याला दिसतो, अशी समोरच्यांची श्रद्धा असते, आणि कोणाची श्रद्धा मोडणे बरे नव्हे.

यानंतर येतो आपल्या विद्येचा गाभा, म्हणजे लाल शाई. ऱ्हस्व वेलांटीची दीर्घ करावी, राहिलेला अनुस्वार द्यावा, चुकीच्या शब्दाभोवती गोल काढावा, आणि हे सगळे इतक्या तत्परतेने करावे की वाक्य काय म्हणते आहे याकडे लक्ष जाण्याची वेळच येऊ नये. शुद्धलेखन महत्त्वाचे नाही असे मी म्हणत नाही. मी स्वतः वेलांटीवरून भांडणाऱ्यांपैकी आहे. पण 'माझी आजी गेली त्या दिवशी आमच्या घरात कुणी दिवा लावला नाहि' या वाक्यातल्या 'नाहि'ला गोल करून पुढच्या पानावर जाणारा माणूस मी पाहिला आहे. त्याने अख्खे वाक्य डोळ्यांखालून घातले होते, त्याशिवाय वेलांटी सापडली नसती. शेवटी शेरा : 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' मूल त्या शेऱ्याचे काय करील? कोणत्या शब्दाकडे, कोणत्या नियमासाठी, पुढच्या वेळी काय निराळे करायचे, यातले काहीही त्यात नाही. 'छान', 'बरा', 'अधिक प्रयत्न हवा', 'विस्तार करा', 'मांडणी सुधारा' हे पाच शेरे आळीपाळीने वापरून माणसे निवृत्त होतात. १९८८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी मुलांचे गट करून पाहिले होते : काहींना नुसते गुण, काहींना नुसता अभिप्राय, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता अभिप्राय मिळालेल्यांत. गुण सोबत आले की अभिप्रायाचा उपयोग विरून गेला. आपण यातून जो धडा घेतला तो असा की गुणही द्यायचे आणि अभिप्रायही असा द्यायचा की तो विरून गेला तरी कोणाचे काही बिघडू नये. वही परत मिळाल्यावर मूल काय करते ते कधी पाहिले आहे का? ते शेवटचे पान उघडते, आकडा पाहते, शेजाऱ्याचा आकडा पाहते आणि वही मिटते. तुम्ही काढलेले ते सगळे लाल गोल, रात्रीचे दोन तास, तुमचे दुखणारे मनगट, सगळे त्या मिटलेल्या वहीत जाते. पुन्हा लिहून आणायला कोणीही सांगत नाही, आणि पुन्हा लिहिल्याशिवाय कोणी कधी लिहायला शिकलेले नाही.

असो. मी सल्ले देत होतो.

मुले हल्ली यंत्राकडून निबंध लिहवून आणतात, अशी तक्रार दर बैठकीत करावी.

ती करताना चेहरा दुखावलेला ठेवावा. एलिस पेज या अमेरिकन संशोधकाने संगणकाकडून निबंधांना गुण देण्याचा प्रयोग १९६६ साली मांडला होता, म्हणजे हे काम यंत्राकडे सोपवण्याची हौस आधी मोठ्यांनाच झाली होती. पुढे लेखन शिकवणाऱ्या लेस पेरेलमन यांनी काही विद्यार्थ्यांच्या मदतीने जड शब्दांचे निरर्थक निबंध जुळवणारा प्रोग्रॅम तयार केला आणि गुण देणाऱ्या यंत्राकडून त्या निबंधांना उत्तम गुण मिळवून दाखवले. यावर आपण हसतो. पण त्या २७ घड्याळांना कोणत्याही यंत्राने हात लावला नव्हता. ती वर्गात, पेनाने, घाम पुसत लिहिली गेली होती, आणि त्यांना गुण देणाराही हाडामांसाचा होता.

मी त्या ४ गुणांविषयी निबंध तपासणाऱ्यांकडे विचारायला गेलो. "निबंध वाचलात का?" असे विचारले. "चाळला की," असे उत्तर आले. "छान आहे हो, पण मुद्द्यांत बसत नाही, आणि एकीला सूट दिली तर बाकीचे विचारतील." उत्तर देताना आवाजात जराही अपराधीपणा नव्हता, समोर पुढचा गठ्ठा होता आणि तो संपवून घरी जायचे होते, हे मला दिसत होते. काल तो पुढचा गठ्ठाही सहीला आला. विषय होता 'तोडलेल्या झाडाचे मनोगत'. मी आधी त्या मुलीची वही शोधली. पहिले वाक्य होते : 'दचकलात ना? होय, मीच बोलतेय!' गुण ८. शेरा : 'चांगली प्रगती.'

काय प्रगती? कसली प्रगती? एका मुलीला स्वतःचे काही सुचत होते, ते आपण आठवड्याभरात बंद पाडले आणि त्याबद्दल तिला दुप्पट गुण दिले. वेळ नाही हे मला मान्य आहे, वर्ग मोठे आहेत हेही मान्य आहे. मग ४० निबंध तपासू नका. १० तपासा, पण वाचा. उरलेले ३० जोडीजोडीने मुलांना एकमेकांचे वाचू द्या, ती तुमच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचतात. एका निबंधात एकच गोष्ट दाखवा आणि तेवढी पुन्हा लिहून मागा. पहिल्या खेपेला गुण लिहूच नका. नोंदवहीत भरायचे असतील तर दुसऱ्या खर्ड्याला द्या. मुद्दे पुसा. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि प्रशिक्षणही लागत नाही. 'यावर्षीची मुले काही वाचतच नाहीत' हे वाक्य तर पुन्हा माझ्यासमोर उच्चारू नका, कारण त्यांनी लिहिलेले तुम्ही वाचत नाही.

त्या ४ च्या खाली माझीही सही आहे. बेरीज बरोबर होती म्हणून मी ती केली होती. उद्या ती खोडायला आणि त्या मुलीला घड्याळाबद्दल विचारायला मी जाणार आहे. तुमच्या गठ्ठ्यातले ४ कोणाचे आहेत ते तुम्ही शोधा.