वांग्याला मधमाशीची पेटी? आधी फूल तरी बघा

शेतकरी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: "एकरी दोन पेट्या मधमाश्या ठेवा, पीक कुठलंही असो, परागीभवन झालंच समजा. जेवढ्या माश्या जास्त तेवढी फळं जास्त. रानमाश्या नि भुंगे काही कामाचे नाहीत." खाली आईनस्टाईनचं ते "मधमाशी संपली की माणूस 4 वर्षांत संपेल". तो असं बोलल्याचा काहीही पुरावा नाही, पुढे चला.

"पीक कुठलंही असो". ज्वारी-गव्हाला मधमाशी लागतच नाही, द्राक्षाचंही तिच्यावाचून अडत नाही. आणि वांगं घ्या, कारण खरी गंमत तिथे आहे. वांग्याच्या फुलात मध नसतोच, असतो फक्त पराग आणि तोही पिवळ्या नळ्यांत बंद, टोकाला बारीकसं भोक. भुंगा (लाकूड पोखरून राहणारी मोठी काळी रानमाशी) किंवा निळ्या पट्ट्यांची ती छोटी रानमाशी येते, फुलाला घट्ट धरते, पंख न हलवता अंगातले उडायचे स्नायू थरथरवते (आवाज नेहमीच्या गुणगुणीपेक्षा चढा असतो, कान देऊन ऐका) आणि पराग फस्सकन बाहेर. पेटीतल्या मधमाशीला, देशी सातेरी असो नाहीतर परदेशी मेलिफेरा, हे जमतच नाही, ती फार तर सांडलेलं गोळा करेल. टोमॅटोचं फूल तसंच, फक्त उघड्या रानात वाऱ्याने हलून त्याचं बरंच भागतं. ग्रीनहाऊसमध्ये वारा नाही म्हणून युरोपवाले 1980 च्या दशकाअखेरपासून बम्बलबी (जाड, केसाळ रानमाशी) सोडतात, मधमाश्या नाही.

"जास्त माश्या म्हणजे जास्त फळं". 2013 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात जगभरातल्या 41 पीकपद्धतींचा, 600 शेतांचा अभ्यास आला होता. रानकीटकांच्या फेऱ्या वाढल्या तशी फळधारणा सगळीकडे वाढली, मधमाश्यांच्या फेऱ्यांनी वाढली ती फक्त 14 टक्के ठिकाणी. लसूणघासाचं बघा, त्याच्या फुलात खटका असतो, बसलं की पुंकेसर फाडकन तोंडावर आदळतात, मधमाशी एकदोनदा मार खाऊन शहाणी होते आणि बाजूने सोंड घालून मध पिऊन निघून जाते, खटका तसाच! म्हणून अमेरिकेत बियाण्यासाठी पानकापी माशी (पानाचे तुकडे कापून घरटं करणारी रानमाशी) पाळतात.

"भुंगे कामाचे नाहीत". लांब नळीच्या फुलाला भोक पाडून भुंगा मध चोरतो, हे खरंय. पण तुरीच्या फुलाची खालची मिटलेली पाकळी दाबायला अंगात वजन लागतं, तिथे भुंगा आणि पानकापी माशी भारी. साधी तूर स्वतःच्या परागावर धरते, पण हायब्रीड बियाण्यातल्या नरवंध्य ओळीला (जिला स्वतःचा कामाचा पराग नसतो) पराग कोणीतरी आणूनच द्यावा लागतो.

पेटीला माझा विरोध नाही हां. सूर्यफूल, कांदा बियाणं, जिथे फूल उघडं नि मध वरच्यावर, तिथे खुशाल ठेवा, मधाचे पैसेही सुटतील. वांगेवाल्यांनी मात्र बांधावरचा वाळका बांबू, जुनं लाकूड जाळू नका, भुंग्याचं घर तिथेच असतं, आणि अळीचा फवारा सकाळी फुलं उघडी असताना न मारता संध्याकाळी मारा.