शेवटचा हप्ता

दिवाळीत पुण्याला गेलो होतो, तेव्हा धाकट्या भावाची वही पाहिली. नऱ्ह्यात भाड्याची शेड घेऊन तो सुतारकाम करतो. वहीत डावीकडे कामाची रक्कम, उजवीकडे जमा. बाणेरच्या एका फ्लॅटचे 3 लाख 80 हजार, जमा 3 लाख 5 हजार. उरलेल्या 75 हजारांपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: गणपतीनंतर, पितृपक्ष झाल्यावर, दसऱ्याला. तिन्ही खोडलेलं. काम जूनमध्येच संपलंय. मी वही चाळत होतो तेवढ्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायवाल्याचा फोन आला. त्याची उधारी याच पैशांतून फेडायची होती. भाऊ शेडबाहेर जाऊन, आवाज खाली करून बोलला. ते बघून मला फार वाईट वाटलं. कष्ट याचे, पैसे दुसऱ्याने अडवलेले, आणि मान मात्र यानेच खाली घालायची.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये इलेक्ट्रिशियन आहे, बारा वर्षं स्वतःचा धंदा. घरी सगळे म्हणतात, तुमच्याकडे बरं आहे, पैसे वेळेवर मिळतात. तसं नाही. कॅरिलियन ही बांधकामातली बडी कंपनी 120 दिवसांनी बिलं द्यायची. जानेवारी 2018 मध्ये ती बुडाली आणि हजारो छोट्या कंत्राटदारांचे पैसे अडकले. 1998 च्या कायद्यानं एखाद्या कंपनीनं माझं बिल थकवलं तर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा 8 टक्के जास्त व्याज लावता येतं, वर 40 ते 100 पौंड भरपाई. घरगुती गिऱ्हाइकाला हा कायदा लागू नाही. त्याच्यासाठी कोर्टात 10 हजार पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, पण त्यातही महिने जातात.

कागदावर तर आपला कायदा याहून कडक आहे. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर 15. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही तरतूद आली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर पैसे देईपर्यंत तो खर्च नफ्यातून वजा धरता येत नाही. भाऊ ज्या इंटिरिअर डिझायनरकडून कामं घेतो, त्याने मग काय केलं? "बिलावर उद्यम नंबर टाकू नकोस," असं सांगितलं. उद्यम नंबर म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक; तो नसला की बिल नोंदणीकृत उद्योगाचं आहे हे दिसत नाही. भावाने टाकला नाही. तक्रार केली तर पुढचं काम बंद, ही भीती खोटी नाही, आणि लेस्टरला बसून त्याला धीर धर म्हणणं मला सोपं आहे.

घरमालकांचंही ऐकलं पाहिजे. सुतार ॲडव्हान्स घेऊन दोन महिने तोंड दाखवत नाही, ही तक्रार पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत ऐकू येते आणि ती बऱ्याचदा खरी असते. म्हणूनच मालक शेवटची रक्कम धरून ठेवतो. माझं म्हणणं एवढंच, की शेवटी धरून ठेवायला मोठी रक्कम उरूच नये. मी मालापुरते पैसे आधी घेतो. भिंतीत वायर टाकून झाली की दुसरा हप्ता, प्लास्टरच्या आधी. स्विच आणि सॉकेट बसले की उरलेले. कामाला हात लावण्याआधी हे सगळं लिहून दोघांच्या सह्या होतात.

"दादा, ओळखीतलं काम असतं, कागद कसा मागू?" भाऊ म्हणाला. हेच मला पटत नाही. ओळख टिकवायची असेल तर कागद आधी हवा. बाणेरचे मालक आमच्या मावसभावाच्या ओळखीचे, आणि आज दोन्ही घरांत बोलणं बंद आहे.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर कोथरूडच्या एका स्वयंपाकघराचं कोटेशन लिहिलं. ऑर्डरला 40 टक्के, बॉक्स घरात आल्यावर 30, शटर बसल्यावर 25, हँडल आणि किरकोळ दुरुस्ती झाली की 5. गिऱ्हाईक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. कोटेशन दाखवल्यावर त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "काम कधी संपणार, तेही लिहा." भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मग त्याने 20 डिसेंबर लिहिलं आणि खाली सही केली.